रंगीत प्रकाशयोजना, स्टुडिओ छायाचित्रणातील

छायाचित्रासाठी व्यक्ती अथवा वस्तू प्रकाशित करताना पांढऱ्या प्रकाशाऐवजी किंवा त्याच्या जोडीने निवडक रंगांचा प्रकाश योजण्याच्या पद्धतीस रंगीत प्रकाशयोजना म्हणतात. दिव्यापुढे रंगीत काच, जिलेटीन वा प्लॅस्टिकचा फिल्टर धरून, किंवा मुळातच रंगीत प्रकाश देणारा दिवा वापरून ती साधली जाते. तिचे दोन हेतू संभवतात. पहिला दुरुस्तीचा. दिव्याचा प्रकाश व फिल्मची रंगसंवेदनक्षमता यांचा मेळ घालून वस्तूचे रंग स्वाभाविक दिसावेत, हा त्याचा उद्देश असतो. दुसरा निर्मितीचा. यात रंग स्वाभाविक दिसावा अशी अपेक्षाच नसते. भाव, काळवेळ, खोली किंवा अद्‌भुतता सूचित करण्यासाठी तो हेतुपुरस्सर बदललेला असतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा व तो आत्मसात केला जाण्याचा इतिहास मुंबईतील गिरगाव, दादर, परळ, लालबाग व करी रोड या परिसराच्या संदर्भात दिला आहे.

या परिसराची निवड सकारण आहे. मध्य रेल्वेवरील करी रोड आणि पश्चिम रेल्वेवरील लोअर परळ ही स्थानके एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्या भोवतीचा सर्व प्रदेश कापडगिरण्यांमुळे गिरणगाव या नावाने ओळखला गेला. याच पट्ट्यात किंवा त्याच्या सीमेवर त्रिरंगी छपाईचे ठसे करण्याची विद्या, चित्रपटांची कलागृहे, व्यक्तिचित्रणाचे स्टुडिओ आणि कामगार रंगभूमी यांची वाढ झाली. प्रकाशातून रंग वेगळा काढणे, तो पुन्हा मिसळणे व सावलीत राखणे ही कौशल्ये येथे निरनिराळ्या व्यवसायांतून विकसित झाली. पुढे ती छायाचित्रणात एकत्र आली.

उत्तरेचा प्रकाश : मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. त्याच वर्षी फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्थाही स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिचे सदस्य होते, तर त्यांचे बंधू नारायण दाजी यांनी छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यानंतरच्या काळात पुढे आले. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला.

गिरणी आणि स्टुडिओ यांचा योग केवळ सनावळीचा नाही. दोन्ही ठिकाणी प्रकाशाची गरज सारखीच होती. विणकामाच्या विभागावर करवतीच्या दातांसारखी छपरे बांधीत आणि त्यांच्या उभ्या बाजूस उत्तरेकडे तोंड करून काचा बसवीत. उत्तर गोलार्धात या बाजूने सूर्याचे थेट किरण सहसा आत येत नाहीत. आकाशाचा विखुरलेला, समतोल प्रकाश येतो. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो. पण त्यातील बराच काळ पावसाळी ढगांचा असल्याने या व्यवस्थेत फारसा बिघाड होत नाही. रंगविलेल्या कापडाची छटा नमुन्याशी जुळते की नाही, हेही अशाच प्रकाशात पाहतात. एका प्रकाशात तंतोतंत जुळणारे दोन तुकडे दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात, हे रंगखात्यातील माणसास अनुभवाने ठाऊक असते. वस्तूचा रंग केवळ वस्तूत नसून तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातही असतो, हे रंगीत प्रकाशयोजनेचे मूलतत्त्व त्यातच आले. विद्युत्‌प्रकाश सार्वत्रिक होण्यापूर्वी व्यक्तिचित्रणाचा स्टुडिओही उत्तरेच्या काचेच्या छपराखालीच चाले.

यूरोपातील अगदी आरंभीच्या स्टुडिओंतही रंगीत प्रकाश होता. रिचर्ड बिअर्ड यांनी लंडनमध्ये मार्च १८४१ मध्ये उघडलेल्या स्टुडिओच्या छपरास निळी काच होती. त्या वेळचा चांदीचा पत्रा निळ्या प्रकाशालाच प्रामुख्याने प्रतिसाद देई. त्यामुळे निळ्या काचेतून कामाचा प्रकाश आत येई आणि बैठकीस बसलेल्या माणसाचे डोळे दिपत नसत. मात्र हा रंग चित्रात दिसण्यासाठी नव्हता. काळ्यापांढऱ्या छायाचित्रणाच्या स्टुडिओत कामगारांच्या नेहमीच्या परिचयाचा रंगीत दिवा म्हणजे अंधारखोलीतील लाल दिवा होय. छपाईच्या कागदावरील पायसाला (प्रकाशसंवेदी लेपाला) लाल प्रकाश जाणवत नाही, म्हणून त्या दिव्यात काम करता येते. प्रकाश हा अनेक घटकांचा बनलेला असून त्यांपैकी एकच घटक वेगळा काढून वापरता येतो, हा धडा अंधारखोलीतील उमेदवारास पहिल्या दिवसापासून मिळे.

गव्हाळ वर्ण व फिल्म : जुन्या पायसांच्या या आंधळेपणाचा भारतीय व्यक्तिचित्रणावर मोठा परिणाम झाला. हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७३ मध्ये पायसात रंजकद्रव्ये मिसळून ते हिरव्या प्रकाशालाही संवेदनक्षम करण्याचा मार्ग दाखविला. तरीही लाल प्रकाश या पायसांना अगोचरच राहिला. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा रॅटन अँड वेनराइट या इंग्रज कंपनीने १९०६ मध्ये विक्रीस आणल्या. पण त्यांचा वापर रूढ होण्यास बराच काळ लागला. गव्हाळ व सावळ्या त्वचेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबड्या-नारिंगी भागाचे प्रमाण अधिक असते. तोच भाग नोंदला न गेल्याने चेहरा प्रत्यक्षाहून काळवंडलेला दिसे. यावर उपाय म्हणून चेहऱ्यास पावडर लावीत, काचेवर पेन्सिलीने हात फिरवीत, आणि छापलेल्या चित्रावर पारदर्शक रंग कापसाने चोळीत. हाताने रंगविलेल्या छायाचित्रांची लोकप्रियता केवळ रंगाच्या हौसेतून आली नव्हती. यंत्राने नाकारलेला वर्ण हाताने परत देण्याचा तो प्रयत्नही होता.

रंगीत फिल्म आल्यावर प्रश्न सुटला नाही, त्याचे रूप बदलले. रंगीत छपाईचा समतोल तपासण्यासाठी कोडॅक कंपनी ज्या नमुनापत्रकांचा उपयोग करी, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. ही पत्रके व्यवसायात ‘शर्ली’ या नावाने ओळखली जात. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचा एकत्र समावेश असलेली पत्रके १९९० च्या दशकात आली. म्हणजे परदेशी मापाप्रमाणे ‘बिनचूक’ असलेला समतोल येथील चेहऱ्यांना बिनचूक असेलच असे नव्हते. त्वचेवर किती पिवळा प्रकाश टाकावा, निळा कोठे थांबवावा, सावलीत किती उजेड भरावा, हे मुंबईच्या छायाचित्रकाराला स्वतःच ठरवावे लागले. येथील रंगीत प्रकाशयोजनेचे शिक्षण या गरजेतून घडले, ही बाब तिच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

त्रिरंगी ठसे आणि दादर : जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडन येथे एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे दाखविली. ती टॉमस सटन यांनी लाल, हिरव्या व निळ्या द्रवांतून घेतली होती. तीन दीपांनी, त्याच तीन रंगांतून, ती पडद्यावर एकावर एक टाकल्यावर फितीचे रंग प्रकट झाले. लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून इतर रंग मिळविण्याचे तत्त्व त्यामुळे छायाचित्रणात आले. लुई द्यूको द्यू ओराँ व शार्ल क्रॉस या फ्रेंच संशोधकांनी १८६९ मध्ये त्याला छपाईच्या शाईची जोड दिली. लाल फिल्टरमधून घेतलेल्या चित्राचा ठसा आकाशी शाईने, हिरव्यातून घेतलेल्याचा किरमिजी शाईने व निळ्यातून घेतलेल्याचा पिवळ्या शाईने छापला, की मूळ रंग कागदावर उतरतात.

महाराष्ट्रात ही विद्या परिश्रमपूर्वक शिकणाऱ्यांत धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचे नाव अग्रगण्य आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. तेथेच त्यांना छायाचित्रणाची गोडी लागली. त्रिरंगी ठसे तयार करणे, प्रकाशशिलामुद्रण व अंधारखोलीतील प्रक्रिया यांचा त्यांनी पुढे अभ्यास केला. रविवर्मा छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. स्वतःचा मुद्रणव्यवसाय सुरू केल्यावर रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र यांसाठी ते १९०९ मध्ये जर्मनीस गेले. १९१२ मध्ये दादर येथे, आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर, त्यांनी चित्रपटनिर्मितीस आरंभ केला. राजा हरिश्चंद्र हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ पासून गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथे प्रदर्शित झाला. तो सूर्यप्रकाशात चित्रित केलेला कृष्णधवल चित्रपट होता; त्यात रंगीत दिव्यांचा प्रश्नच नव्हता. तथापि तो निर्माण करणारा मनुष्य प्रकाशाचे तीन रंगांत पृथक्करण करण्यात मुरलेला होता. रंगाचे ज्ञान या परिसरात दिव्यांच्या आधी छापखान्याच्या वाटेने आले, असे म्हणता येते.

मूकपटांच्या काळात रात्रीच्या दृश्यांसाठी निळ्या, दिव्यांच्या उजेडासाठी पिवळ्या व आगीसाठी लाल रंगात फिल्म बुडवून काढण्याची प्रथा जगभर होती. रंगाचा अर्थ लावण्याची सवय प्रेक्षकांना त्यामुळे लागली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी सिंहगड (१९२३) या चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. मूळचे चित्रकार असलेल्या पेंटरांनी दिव्याकडे कुंचल्याप्रमाणे पाहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

विजेचे दिवे व कृष्णधवल शिस्त : खोपोली येथील टाटा जलविद्युत्‌ केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. सूर्यास्तानंतरचे काम या भागात त्यानंतर सर्रास सुरू झाले. बोलपटांच्या आगमनाने चित्रपटाचे कलागृह बंदिस्त करणे भाग पडले आणि सूर्याची जागा दिव्यांनी घेतली. दादर-परळ भागात रणजित, श्री साउंड, रूपतारा, कारदार व राजकमल ही कलागृहे एकमेकांच्या जवळ उभी राहिली. त्यांत काम करणाऱ्या लाइटमन मंडळींनी स्वतःची परिभाषा घडविली. लहान दिव्यास ‘बेबी’, मोठ्या भिंगाच्या दिव्यास ‘सोलर’, प्रकाश अडविणाऱ्या काळ्या फळीस ‘कटर’ अशी नावे रूढ झाली. ही भाषा व तिच्यामागचे ज्ञान पुस्तकांत नव्हते. शिडीवर चढून, दिव्याची दिशा बदलून व वरून येणारा हुकूम ऐकून ते मिळवावे लागे.

व्यक्तिचित्रणाच्या स्टुडिओंवर या पद्धतीचा खोल ठसा उमटला. फाळणीनंतर कराचीहून आलेले जे. एच. ठक्कर यांनी १९४८ मध्ये दादर येथे इंडिया फोटो स्टुडिओ काढला. तेथे हिंदी चित्रपटसृष्टीतील त्या काळच्या अनेक नामवंत कलावंतांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे घेतली गेली. चेहऱ्यावर एक ठळक प्रकाश, केसांच्या कडेवर मागून दुसरा आणि पार्श्वभूमीवर तिसरा, अशी या चित्रांची रचना असे. प्रत्येक दिव्याचे काम वेगळे आणि सावलीची जागा निश्चित. रंग नसल्याने नाकाची सावली कोठे संपते, गालावरील त्रिकोण किती मोठा, मागील भिंत किती काळी, यांवरच चित्राची भिस्त होती. या शिस्तीचा पुढे रंगीत प्रकाशयोजनेला झालेला उपयोग लगेच लक्षात येत नाही. त्यासाठी रंगीत प्रकाशाचा एक गुणधर्म समजून घेणे आवश्यक आहे.

रंग आणि सावली : भिंतीवर लाल दिवा टाकला आणि तिच्यावरच पांढरा प्रकाशही पडू दिला, तर लाल रंग फिका होतो, पांढरा प्रकाश पुरेसा तीव्र असल्यास तो दिसेनासा होतो. म्हणून रंगीत प्रकाश पांढरा प्रकाश नसलेल्या जागी, म्हणजे सावलीतच खुलतो. नवशिक्याची नेहमीची चूक दिव्यांच्या निवडीत नसून सावलीच्या अभावात असते. पार्श्वभूमीवर गडद रंग हवा असल्यास मुख्य दिव्याचा प्रकाश तेथपर्यंत पोहोचू नये यासाठी माणसाला भिंतीपासून दूर बसवतात. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक-चतुर्थांश होतो, या नियमाचा तेथे उपयोग होतो. शिवाय रंगीत भागाचे उद्‌भासन (फिल्मवर पडू दिलेल्या प्रकाशाचे प्रमाण) थोडे कमी ठेवले तर रंग गडद व अधिक झाल्यास फिकट उमटतो. काळी भिंत व करडी भिंत एकाच फिल्टरखाली निरनिराळे रंग दाखवितात.

सावल्यांच्या रंगाकडे काउंट रम्फर्ड यांनी १७९४ मध्ये व पुढे गटे यांनी १८१० मध्ये लक्ष वेधले होते. मेणबत्ती आणि दिवसाचा उजेड एकत्र असता मेणबत्तीने पाडलेली सावली निळसर भासते. स्टुडिओत हा प्रयोग अधिक स्पष्टपणे करता येतो. लाल, हिरवा व निळा असे तीन सारख्या प्रभावाचे दिवे पांढऱ्या भिंतीवर एकत्र टाकले असता भिंत पांढरीच दिसते. मध्ये माणूस उभा राहिला की तीन सावल्या पडतात. लाल दिव्याच्या सावलीत हिरवा व निळा प्रकाश उरतो, म्हणून ती आकाशी. हिरव्याच्या सावलीत लाल व निळा उरतो, म्हणून ती किरमिजी. निळ्याच्या सावलीत लाल व हिरवा उरतो, म्हणून ती पिवळी दिसते. फाळके यांच्या पिढीतील मुद्रक ज्या तीन शायांनी ठसे छापीत, त्याच या तीन छटा आहेत. छापखान्याचे गणित आणि स्टुडिओतील सावली ही एकाच नियमाची दोन रूपे होत.

चित्रपट, रंगभूमी व उत्सव : भारतीय चित्रपटांत रंग आणण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक मराठी माणसांचा होता. प्रभात फिल्म कंपनीच्या सैरंध्री (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करण्यात आल्या. परंतु रंग समाधानकारक उतरले नाहीत. अर्देशीर इराणी यांचा किसान कन्या (१९३७) हा भारतात प्रक्रिया झालेला पहिला रंगीत चित्रपट होय. सैरंध्रीचे दिग्दर्शक व्ही. शांताराम (१९०१–१९९०) यांनी १९४२ मध्ये परळ येथे, पूर्वीच्या वाडिया मूव्हीटोनच्या जागेत, राजकमल कलामंदिर स्थापन केले. झनक झनक पायल बाजे (१९५५, छायालेखन : जी. बाळकृष्ण) हा टेक्निकलर चित्रपट या संस्थेचा. रंगीत फिल्मला त्या काळी फार प्रकाश लागे. ईस्टमन कंपनीच्या १९५० मधील पहिल्या रंगीत निगेटिव्हची गती केवळ १६ एएसए होती. साहजिकच कलागृहातील दिव्यांची संख्या व उष्णता कृष्णधवल चित्रपटाच्या मानाने कितीतरी वाढली. जिलेटीनचे फिल्टर या उष्णतेने आक्रसत व त्यांचा रंग उडे, म्हणून ते वारंवार बदलावे लागत.

दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटाच्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांताराम यांच्या डोळ्यांना इजा झाली व काही काळ त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून राहावे लागले. त्या अंधारात जाणवलेल्या रंगांतून नवरंग (१९५९, छायालेखन : त्यागराज पेंढारकर) या चित्रपटाची कल्पना सुचल्याचे त्यांनी चित्रपटाच्या आरंभी सांगितले आहे. रंगाचा वापर येथे वास्तवाच्या अनुकरणासाठी नसून मनातील प्रतिमेसाठी आहे. निर्मितिशील रंगीत प्रकाशयोजनेची भूमिका तीच असते.

सामान्य माणसाला रंगीत प्रकाश प्रथम भेटला तो मात्र स्टुडिओबाहेर. परळच्या दामोदर नाट्यगृहात (स्था. १९२२) व गिरणगावातील कामगार रंगभूमीवर दिव्यापुढे जिलेटीन कागद लावून पहाट, चांदणी रात्र किंवा वणवा दाखवीत. चिंचपोकळी (१९२०), गणेशगल्ली (१९२८) व लालबाग (१९३४) येथील सार्वजनिक गणेशोत्सवांच्या मंडपांतून रंगीत दिव्यांची आरास होऊ लागली. चित्रपटांचे मोठे फलक रंगविणारे चित्रकार चेहऱ्याच्या एका बाजूस निळा वा हिरवा आणि दुसऱ्या बाजूस तांबडा रंग बेधडक लावीत. रस्त्यावरून जाणाऱ्यास तो चेहरा विचित्र न वाटता नाट्यमय वाटे. रंगीत प्रकाशातील चेहरा वाचण्याची दृष्टी या परिसराने अशी सार्वजनिक रीत्या कमावली होती.

स्टुडिओतील प्रसार : स्थिर छायाचित्रणात रंगीत प्रकाशयोजना उशिरा रुजली. कोडाक्रोम १९३५ मध्ये व नवी ॲग्फाकलर १९३६ मध्ये आली असली, तरी भारतात रंगीत फिल्म दीर्घकाळ महाग होती. उदकमंडलम येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीच्या ‘इंदू’ फिल्ममुळे कृष्णधवल काम परवडू लागले. रंगीत छायाचित्र मात्र अनेक वर्षे लग्न, जाहिरात व मुखपृष्ठ यांपुरते राहिले. फिल्म महाग असल्याने चूक करून शिकण्याची मुभा कमी होती. उमेदवार प्रथम काळ्यापांढऱ्या फिल्मवर दिवे मांडावयास शिके. रंगीत फिल्टर त्याच्या हाती नंतर येई.

साध्या विजेच्या दिव्यांचीही एक अडचण होती. स्टुडिओतील टंगस्टन दिव्याचे रंग तापमान ३,२०० केल्व्हिन, तर दिवसाच्या प्रकाशासाठीच्या फिल्मचे ५,५०० केल्व्हिन असते. टंगस्टनमध्ये निळा घटक मुळातच कमी, आणि निळा फिल्टर उरलेला बराच प्रकाश अडवितो. टंगस्टनला दिवसाच्या प्रकाशाच्या पातळीवर आणणारा निळा फिल्टर सु. एक-तृतीयांश प्रकाशच पलीकडे जाऊ देतो. गडद जांभळट निळा एक टक्क्याहूनही कमी. यामुळे तांबडा व पिवळा सुलभ आणि निळा दुर्मिळ, अशी स्थिती होती. हॅरल्ड एजर्टन यांच्या १९३१ पासूनच्या प्रयोगांतून विकसित झालेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅश रूढ झाल्यावर ती पालटली. त्याचा प्रकाश दिवसाच्या प्रकाशाशी जुळणारा, तीव्र व क्षणिक असल्याने फिल्टर जळत नाहीत आणि बसलेल्या माणसाला उष्णतेचा त्रास होत नाही.

मुंबईतील जाहिरातव्यवसायाने या तंत्राला उत्तेजन दिले. औद्योगिक छायाचित्रणात मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी कारखान्यांतील यंत्रांना व नळ्यांना प्रकाशाने आकार दिला व अनेकांना छायाचित्रण शिकविले. व्यक्तिचित्रणात गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे काम मराठी वाचकांना चेहरे या पुस्तकामुळे परिचित आहे. त्यांचा प्रकाश मृदू व संयमित असे. रंग उपलब्ध असतानाही तो त्वचेच्या वर्णाला बाधू न देण्याचा त्यांचा कटाक्ष हा रंगीत प्रकाशयोजना शिकणाऱ्यास एक उपयुक्त प्रतिपक्ष आहे.

शिक्षणाची औपचारिक साधनेही वाढली. मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण हा अभ्यासविषय झाला. पुण्यात १९६० मध्ये प्रभातच्या आवारात शासकीय चित्रपट शिक्षणसंस्था निघाली व तेथे छायालेखनाचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. सैरंध्रीच्या अनुभवानंतर तीन दशकांच्या आत, प्रभातच्याच वास्तूत, रंग व प्रकाश हे अभ्यासक्रमाचे विषय झाले.

गिरण्यांनंतर : १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचा ऱ्हास वेगाने झाला आणि १९९० च्या दशकापासून त्यांच्या जमिनींचे रूपांतर होऊ लागले. लोअर परळ व करी रोड यांच्या आसपासच्या गिरण्यांच्या आवारांत जाहिरातसंस्था, मुद्रितमाध्यमांची कार्यालये व छायाचित्रणाचे स्टुडिओ आले. उंच छत, खांबांमधील मोकळी जागा व मोठा वीजपुरवठा या गोष्टी त्यांना सोयीच्या होत्या. ज्या विभागांत पूर्वी उत्तरेच्या उजेडाचे मोल होते, तेथे आता तावदाने काळ्या कापडाने झाकून रंगीत दिवे लावले गेले. या बदलात हजारो कामगारांची उपजीविका गेली, हे विसरून त्याची केवळ कलेच्या इतिहासातील टप्पा म्हणून नोंद करणे अपुरे ठरेल.

अंकीय छायाचित्रण व प्रकाश-उत्सर्जक डायोड यांमुळे साधने आमूलाग्र बदलली. निळ्या डायोडच्या शोधासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. या दिव्यांतून फिल्टरशिवाय हवा तो रंग बटण फिरवून मिळतो. पूर्वी सर्वांत दुर्मिळ असलेला निळा आता सर्वांत सुलभ झाला आहे. परंतु त्याबरोबर नवी मर्यादाही आली. ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये एकस्व घेतलेल्या रचनेनुसार बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर निम्मे बिंदू हिरव्या, एक-चतुर्थांश लाल व एक-चतुर्थांश निळ्या प्रकाशासाठी असतात. केवळ शुद्ध निळ्या वा लाल प्रकाशात चित्र घेतल्यास चौथाई बिंदूच खऱ्या अर्थाने काम करतात. तपशील हरवतो आणि एकाच रंगाचे मूल्य कमाल मर्यादेस पोहोचून गालाचा उठाव सपाट होतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र तत्काळ दिसत असल्याने ही चूक ध्यानात येण्याऐवजी झगमगाटात झाकली जाते. उपाय जुनाच आहे : चेहऱ्यावर थोडा पांढरा प्रकाश राखणे, रंग सावलीकडे वळविणे आणि एकावेळी एकच दिवा लावून त्याचे काम तपासणे.

मूल्यमापन : करी रोड व परिसरातील रंगीत प्रकाशयोजनेचा इतिहास एखाद्या शोधाचा वा एका व्यक्तीचा नाही. रंगखाते, छापखाना, अंधारखोली, चित्रपटाचे कलागृह, नाट्यगृह आणि उत्सवाचा मंडप यांतून आलेल्या निरीक्षणांचा तो संचय आहे. त्याचे सार असे, की ज्याला सावली मांडता येते त्यालाच रंग मांडता येतो. म्हणून कृष्णधवल कामाचा सराव ही रंगीत कामाची पूर्वतयारी ठरते. या संचयातील मोठा भाग लिखित स्वरूपात उरलेला नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत छायालेखकाचे नाव असते. शिडीवर चढून दिवा वळविणाऱ्याचे व जिलेटीन बदलणाऱ्याचे क्वचितच. दिवे बदलले की त्यांच्याबरोबरची परिभाषा व हाताचे ज्ञानही लोप पावते. रंग आता बटणावर मिळत असला तरी तो कोठे थांबवावा हे यंत्र सांगत नाही. ते या अनामिक कारागिरांना ठाऊक होते, आणि गव्हाळ चेहऱ्यांचा खरा वर्ण राखण्याचे श्रेय त्यांच्याकडेही जाते. त्यांच्या आठवणी व कार्यपद्धती यांची नोंद करणे हे महाराष्ट्रातील छायाचित्रणाच्या इतिहासलेखनापुढील एक निकडीचे कार्य आहे.